टीव्हीतला वाघ आणि दारातला मांडव

दोन हजार तेवीस साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा माझी तिसरीपर्यंत. चौथीचा वर्ग पलीकडच्या गावात होता आणि तिथल्या मास्तरनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मला धोंडा म्हटलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. मास्तर घरी बोलवायला आला तेव्हा चिंचेवर चढून बसलो. तो गेल्यावर उतरलो तो थेट बांधावर, कामाला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लिहिताना शब्द चुकतील ते चुकू द्या, झालेली गोष्ट मी चुकवत नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीपासून आत, जंगलाला लागून. धान, तलाव, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, एवढ्यावर गाव चालतं. मुलानं एका दिवाळीला घरात टीव्ही आणला आणि जिथं माझ्या बापाच्या वेळेपासून धान साठवायची ढोली उभी होती तिथं तो ठेवला. ढोली पडवीत नेली. मला विचारलं नाही. तेव्हापासून मी टीव्हीकडे पाठ करून आणि दाराकडे तोंड करून बसायला लागलो. बातम्या ऐकायचो सगळ्या, पाहायचो नाही. आवाजावरून मी बातम्या सांगणारे ओळखायचो. एक बुवा बैलबाजारात बोली लावल्यासारखा ओरडायचा. एक बाई रोज आपल्याच घरी मयत झाल्यासारखी बोलायची. एक तर विचारायचा स्वतः आणि उत्तरही स्वतःच द्यायचा, समोर चार माणसं कशाला बसवली होती कोण जाणे.

नात म्हणायची, “आबाजी, एक डाव वळून तं पाहा.”

मी म्हणायचो, “आवाजावरून माणूस समजते. तोंड पाहून फसते.”

घराघरात टीव्ही आला आणि गाव हुशार झालं. इतकं हुशार की पारावर बसून लोक दूरच्या देशातली लढाई लढायला लागले. कोणाजवळ कोणती तोफ आहे, ती किती लांब मारते, हे आमच्या गावचा न्हावी वस्तरा गालावर ठेवून सांगायचा. ज्याच्या घरी बँकेचं पासबुक उंदरांनी खाल्लं होतं तो शेअर बाजार पडला म्हणून दिवसभर तोंड पाडून बसायचा. पण खालच्या आळीतला हातपंप बंद पडला हे वरच्या आळीला आठ दिवस माहीत नव्हतं, कारण ते टीव्हीत आलं नाही. माझी बुढी रोज संध्याकाळी मालिकेतल्या एका सुनेसाठी रडायची. तिची स्वतःची सून चुलीपाशी बसून डोळे चोळायची, पण तो धूर होता, त्याला मागून संगीत नव्हतं.

आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीत तीन वेळा यायचं. ऊन सगळ्या देशात जास्त पडलं की, शेजारच्या गडचिरोलीकडं गोळी चालली की, आणि वाघानं माणूस मारला की. मधल्या दिवसांत आम्ही नव्हतोच. धान पिकवतो, पोरं जन्मतात, लग्नं होतात, ते सगळं टीव्हीच्या बाहेर, दाराकडच्या बाजूला. म्हणजे मी तोंड करून बसायचो त्या बाजूला.

खोटं कशाला बोलू, टीव्हीचा उपयोगही झाला. महामारीत तोंड बांधायचं तालुक्याच्या साहेबाच्या आधी टीव्हीनं सांगितलं. ते मी ऐकलं आणि धुपट्टा बांधला. पण आधीच्या काळी बातमी पायानं यायची. बांगड्या विकणारी कासारीण यायची, बसचा कंडक्टर सांगायचा, बाजारातून परत येणारा माणूस सांगायचा. आपण त्याला विचारायचो, “तुले कोण म्हणलं? तू सोता पाह्यला का?” आणि बातमी खोटी निघाली तर पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याला धरायचो. एकदा कासारणीनं एका जिवंत माणसाला मेला म्हणून सांगितलं, तर गावच्या बायकांनी वर्षभर तिच्या हातून बांगडी भरली नाही. टीव्हीला कोण धरणार. तो बोलतो, आपण ऐकतो, आणि विचारायच्या आत तेलाची जाहिरात लागते.

तर त्या साली नातीचं लग्न जुळलं होतं. मुलगा कोरपन्याचा. तिकडं काळी जमीन, कापूस आणि सिमेंटचे कारखाने. मुलगा वीजखात्यात तारा जोडतो, स्वभावानं गरीब. त्याचा बाप, म्हणजे माझा होणारा इवाई, सिमेंटच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पांढरा इस्तरीचा पँट घालणारा माणूस. बोलणी झाली तेव्हाच त्यानं हळूच म्हटलं होतं, “कोरपन्याले हॉल हाये जी. पंखे हायेत. पाहुण्याले सोपं पडते.”

मी म्हटलं, “मांडव माह्या दारात पडन.”

त्याला कारण आहे. आमच्याकडं मांडव भाड्यानं आणत नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी गावातल्या दर घरचा एक माणूस कुऱ्हाड घेऊन निघतो, गावाच्या हक्काच्या जंगलातून जांभळाच्या डाहाळ्या तोडतो, बैलगाडीवर लादतो आणि लग्नघरच्या दारात आणून टाकतो. त्या डाहाळ्यांचा मांडव. त्याला मजुरी नसते, आमंत्रण नसते. ज्याच्या दारात गावानं डाहाळी टाकली नाही तो माणूस गावात राहतो, पण गावाचा नसतो. माझ्या मुलींच्या लग्नात डाहाळ्या इतक्या झाल्या होत्या की उरलेल्या बकऱ्यांनी चार दिवस खाल्ल्या. नातीच्या लग्नात मला तेच पाहिजे होतं. त्यात एक पानही कमी चालणार नव्हतं.

इवाई मान हलवून गेला. तारीख ठरली.

लग्नाला पंधरवडा होता तेव्हा वाघानं माझ्या शेजाऱ्याचं वासरू नाल्याच्या काठी मारलं. यात नवीन काही नव्हतं. वाघ इथला, आम्ही इथले. सूर्य कलला की नाल्याकडं कोणी जात नाही, कारण तो त्याचा वेळ. सकाळी ऊन वर आल्यावर जंगलात जायचं, घोळक्यानं जायचं, मोठ्यानं बोलत जायचं, तो आमचा वेळ. वासरू चुकीच्या वेळी तिकडं गेलं. वनखात्याचा गार्ड आला, पंचनामा झाला, शेजाऱ्यानं अंगठा दिला, गोष्ट संपली होती.

तिसऱ्या दिवशी चंद्रपूरकडून एक पांढरी गाडी आली. एक तरुण माणूस उतरला, हातात माईक. दुसऱ्याच्या खांद्यावर कॅमेरा. भर सकाळ होती. पाराखाली पत्त्यांचा डाव चालू होता, बायका अंगणात मोहफूल वाळवत होत्या, कोंबड्या फिरत होत्या. माईकवाल्यानं सगळीकडं पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

मला म्हणाला, “आजोबा, भीतीचं वातावरण कुठे आहे?”

मी म्हटलं, “ते कोणतं?”

“म्हणजे लोक घाबरलेले वगैरे.”

“सकाळी कोणी भेत नाई, बाप्पा.”

तो विचारात पडला. मग त्यानं हात वर करून लोकांना सांगितलं, “सगळ्यांनी जरा घरात जा. दारं लावून घ्या. रस्त्यावर कोणी दिसायला नको.”

आता दुसऱ्या मुलखातलं गाव असतं तर लोकांनी विचारलं असतं, काय म्हणून. पण आमची ही झाडीपट्टी. दिवाळी झाली, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरला की आमच्याकडं नाटक लागतं, सगळ्या मुलखाचे लोक गाड्या जुंपून पाहायला येतात. आमच्या गावात असा माणूस नाही ज्यानं तोंडाला रंग लावला नाही. कोणी राजा झाला आहे, कोणी शिपाई, ज्याला काहीच येत नाही तो पडदा ओढतो. हात वर करून कोणी सांगितलं की इथं उभे राहा, तिकडून या, तर आमचा माणूस का म्हणून विचारत नाही, एवढंच विचारतो की माझं काम केव्हा. सगळ्या गावानं धडाधड दारं लावली आणि फटीतून पाहत उभं राहिलं. एक जण तर आतून ओरडला, “साहेब, आमी केव्हा निघाचं?”

आधी शेजाऱ्याचं काम झालं. तो तरुणपणी आमच्या नाटकात नायिका होता. लुगडं नेसून रडायला लागला की पुढच्या ओळीतल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. मधली सगळी वर्षं त्याला रडायला मिळालं नव्हतं. वासराच्या रिकाम्या खुंट्यापाशी बसून तो असा रडला की कॅमेरावाल्यानं खिशातला रुमाल काढला.

मग माईक माझ्यापुढं आला. “आजोबा, तुम्ही वाघ पाहिलाय का?”

“पुष्कळदा.”

“मग सांगा, कसं वाटतं.”

मी नीट समजावून सांगितलं. त्याचा वेळ, आमचा वेळ, घोळक्यानं जायचं, मोठ्यानं बोलायचं. त्यानं माईक हळूहळू खाली घेतला.

“छान आहे, आजोबा. पण यात भीती दिसत नाही.”

“भीती पाह्यजे का तुले?”

“थोडी.”

थोडी मला येत नाही. मी माईक नव्हता त्या काळात राजा केला आहे, खलनायक केला आहे, माझा आवाज मागं सोडलेल्या बैलगाड्यांपर्यंत जायचा. लाकडं फोडायला घेतलेली कुऱ्हाड मी हातातून खाली टाकली. ओट्याचा खांब डाव्या हातानं धरला. गुडघा थोडा वाकवला. जंगलाकडं पाहिलं, मग एकदम मागं पाहिलं, आणि आवाज आधी पोटात ओढून मग वर काढला. “साहेब, सूर्य कलला की आमचं गाव मरते.”

माईकवाला स्वतः जंगलाकडं पाहायला लागला. कॅमेरावाला एक पाऊल मागं सरला. आणि बंद दारांच्या आतून टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून ते पुन्हा करावं लागलं. दुसऱ्यांदा मी हात थोडा कापरा केला.

संध्याकाळी ते टीव्हीत आलं. त्या दिवशी मी वळलो. स्वतःचं काम माणसानं पाहावं, त्यात कमीपणा नाही. खाली लाल पट्टी पळत होती, ती नातीनं वाचली, “वाघाच्या दहशतीत गाव.” मागं संगीत लावलं होतं, आमच्या नाटकात पेटीवाला लावतो तसं, पण वाईट. मग शिवेवरचा आमचा वाघदेव दाखवला. दगड आहे तो, शेंदूर लावलेला, दर साली पूजा होते. टीव्हीनं त्याच्याभोवती लाल गोल काढला आणि बाई म्हणाली की रक्ताचे डाग अजून ताजे आहेत. वाघ दाखवला तो मोठ्या गोट्यांच्या नदीत बसलेला. असली नदी आमच्या तालुक्यात नाही. मग रिकामी गल्ली, बंद दारं. मग शेजारी रडला. शेवटी मी.

काम चांगलं झालं होतं. हे मी माझं म्हणून सांगत नाही, त्या रात्री सगळं गाव येऊन सांगून गेलं. बुढी एवढंच म्हणाली, “आपल्या लग्नातबी नाई दिसले तुमी एवढे चांगले.”

इथपर्यंत ठीक होतं. पण तेच त्यांनी दुसऱ्या दिवशी दाखवलं, तिसऱ्या दिवशी दाखवलं. आणि गावाला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. पारावरचा पत्त्यांचा डाव बंद झाला. बायका मोहफूल वेचायला जाईनाशा झाल्या, झाडाखाली फुलं सडायला लागली. मी शेजाऱ्याकडं गेलो तर भर दुपारी दार लावलेलं. आतून कडी काढली त्यानं.

“काऊन गा, दार लावून बसला?”

“टीव्हीत पाह्यलो ना.”

“काय पाह्यला?”

“आमी सगळे दार लावून बसलो होतो.”

“तो माईकवाला म्हणला म्हणून लावला तू.”

“ते खरं हाये. पण पाह्यलो तं लय भेसूर दिसत होतं गा. मी तं मलेच पाहून भेलो.”

“तू रडला ते नाटक होतं का नाई?”

“रडलो तेव्हा नाटक होतं,” तो म्हणाला. “पाह्यलो तेव्हा नाई वाटलं.” आणि त्यानं कडी लावून घेतली.

कोरपन्याहून फोन येऊ लागले. आधी मुलाला, मग सुनेला. काय बोलणं होतं ते मला सांगत नव्हते. मी समजून होतो. लग्नाला दोन दिवस राहिले तेव्हा इवाई स्वतः आला. बसनं आला, फाट्यावर उतरून डोक्याला रुमाल बांधून चालत आला, भर दुपारी. नेमकं त्या दिवशी टीव्हीवाले आमच्या गावाचा आणखी एक भाग दाखवणार असं सांगत होते, म्हणून झाडून सगळं गाव दारं लावून टीव्हीपुढं बसलं होतं. कोणी कूलर लावला होता, त्याचीही हवा जाऊ नये म्हणून दार बंद. माणूस म्हणून रस्त्यावर दिसत नव्हता. मी तेवढा ओट्यावर बसलो होतो.

इवाई आला, बसला, पाणी प्यायला. म्हणाला, “गावात कोणी नाई का जी?”

“सगळे हायेत. टीव्ही पाहून राह्यले.”

“काय लागलं हाये टीव्हीत?”

“आपलं गाव.”

त्यानं त्या रिकाम्या गल्लीकडं पुन्हा एकदा पाहिलं. “तसंच दिसून राह्यलं,” तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. माणूस वाईट नाही तो, खाली पाहून सांगितलं. “मी भेत नाई जी. तुमची इहीन भेते. तिच्या बहिणी भेतात. बसवाला म्हणते, त्या गावाले गाडी लावणार नाई. मी हॉल पाहून ठेवला. स्वैपाकी पाहून ठेवला. तुमाले काईच करा लागत नाई. फक्त पोरगी घेऊन या.”

“पोरगी घेऊन या? बकरी हाये का ते?”

“तसं नाई म्हणत मी.”

“मांडव माह्या दारात पडन. तुमी हो म्हणले होते.”

“तेव्हा वाघ नव्हता.”

“वाघ तेव्हाबी होता. टीव्हीत नव्हता.”

“तुमी सोता म्हणले,” तो म्हणाला. “टीव्हीत. मी ह्या डोयानं पाह्यलो. गाव मरते म्हणले.”

“ते नाटक होतं, इवाई.”

“मंग बातम्यात काऊन होतं?”

  गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, थांबा, तुम्हाला नाटक म्हणजे काय ते दाखवतोच. उठलो, ओट्याचा खांब डाव्या हातानं धरला, गुडघा वाकवला, मागं पाहिलं, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. कॅमेऱ्यापुढं म्हटलं त्याच्याहून चांगलं झालं, कारण या वेळी राग होता. इवाई ओट्यावरून उठला आणि घरात जाऊन बसला.

नात दारात उभी होती. ती मला म्हणाली, “आबाजी, आता तुमी बोलू नोका. तुमच्या बोलण्यानंच हे झालं.” मग आत वळून इवायाला हळू आवाजात म्हणाली, “मामाजी, मले मांडव पाह्यजे. हॉलात लग्न लागन, पण गावानं मले डाहाळी टाकली नाई तं मी ह्या गावातून गेली असं कोण म्हणन?”

इवायानं डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसला. मग म्हणाला, “बरं. उद्या सकाळी तुमच्या लोकाईनं डाहाळ्या आणल्या तं मी फोन लावतो, वऱ्हाड येते. नाई आणल्या तं हॉल. पण तुमचे लोक भर दुपारी घराबाहेर निघत नाई, ते जंगलात काय जातीन?”

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. दिवस बुडायच्या आत मी घरोघर फिरून आलो. दारं थोडी थोडी उघडली. एकाचा गुडघा दुखत होता. एकाचा जावई येणार होता. एकानं सांगितलं की जंगलात जायला सरकारनं बंदी केली, टीव्हीत आलं, आणि कोणत्या टीव्हीत ते त्याला सांगता आलं नाही. न्हावी म्हणाला, “रातच्या बातमीत काय म्हणते ते पाहून ठरवू, भाऊ.” शेजाऱ्यानं दारच उघडलं नाही. आतून फक्त जाहिरातीचा आवाज येत होता.

मी कोणाला हात जोडले नाहीत. डाहाळी मागून आणायची नसते.

परत आलो तोवर शेवटची बस निघून गेली होती. मुलानं इवायाला मोटारसायकलवर सिंदेवाहीपर्यंत कोणी सोडेल का म्हणून विचारून पाहिलं, पण संध्याकाळी त्या रस्त्यानं जायला कोणी तयार होईना. म्हणजे वाघाला भिऊन वऱ्हाड आणत नाही म्हणायला आलेला माणूस वाघाच्या गावात मुक्कामाला राहिला. बुढीनं त्याला वडाभात वाढला. तो जेवत होता तेव्हा नाल्याकडून वानर ओरडलं.

इवायानं घास हातात धरला. “काय हाये ते?”

“वानर.”

“काऊन बोंबलून राह्यलं?”

“त्याले वाघ दिसला असन,” मी म्हटलं. मी खोटं बोलत नाही.

त्यानं भात पुढं सरकवला. मग मला म्हणाला, “मले आता खरं सांगा. उद्या तुमी काय करता?”

“मी आणतो डाहाळ्या.”

“एकटे?”

“माह्या नातीचा मांडव हाये.”

“ह्या वयात?”

 वयाचं मी कोणालाच उत्तर देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऊन अंगणात येईपर्यंत थांबलो. घाई करून वाघाच्या वेळात घुसायचा शहाणपणा माझ्याजवळ नाही. मुलगा म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, तू स्वयंपाकाची लाकडं पाहा, लग्नघरचा एकच माणूस जातो, बाकी गाव जाते. मग बैल जुंपले, कुऱ्हाड गाडीत टाकली आणि गाडीवर बसलो. इवाई दारात उभा होता, पांढरा पँट, डोक्याला रुमाल. त्यानं माझ्याकडं पाहिलं, रिकाम्या गाडीकडं पाहिलं. मग चाकावर पाय देऊन वर चढला आणि माझ्या बाजूला बसला.

“तुमी काऊन?” मी म्हटलं.

“तुमाले काई झालं तं मी घरी काय सांगू? मी ओट्यावर बसून होतो म्हणून?”

मी गाडी गल्लीच्या मधोमध घेतली. जंगलात आवाज करायचा म्हणून आम्ही कुऱ्हाडीच्या पाठीनं चाकाच्या लोखंडी धावेवर ठोकतो. मी गल्लीतच ठोकायला सुरुवात केली. एक फट उघडली. दुसरी उघडली. गावानं कोरपन्याचा इस्तरीवाला माणूस बैलगाडीत बसून जंगलात जाताना पाहिला. टीव्हीत हे आलं नव्हतं. शेजाऱ्याच्या घरातून त्याच्या बायकोचा आवाज आला, “वऱ्हाडाचा माणूस चालला डाहाळ्याले अन् तू कडी लावून बसला. उठ.” दार उघडलं. शेजारी कुऱ्हाड घेऊन निघाला, माझ्याकडं न पाहता गाडीमागं चालायला लागला. मग गुडघा दुखणारा आला. ज्याचा जावई येणार होता तोही आला. न्हावी सगळ्यात शेवटी आला, पण सगळ्यात मोठ्यानं बोलत.

शिवेवर वाघदेवाला हात जोडून पुढं गेलो. नाल्याच्या रेतीत ताजं पाऊल होतं, वरच्या बाजूला गेलेलं. सगळे थांबले. इवाई गाडीतून वाकून पाहत होता.

“हे खरं हाये का नाटक?” त्यानं विचारलं.

“हे खरं हाये.”

त्यानं मान हलवली. ओट्यावर भ्यायला होता तितका तो तिथं भ्यायला नाही. मी गाडी खालच्या बाजूला वळवली. वाघ वर होता, म्हणून आम्ही खालची जांभळं घेतली, आणि कोणाला काही सांगायची गरज पडली नाही. लोक आपोआप दोन-दोन झाले, एक तोडणारा, एक पाहणारा, आणि सगळे मोठ्यानं बोलायला लागले, नेहमीसारखे, दूरच्या देशातल्या लढाईबद्दल.

पहिली डाहाळी मी तोडली आणि इवायाच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरून गाडीवर ठेवली. पँटला हिरवा डाग पडला, तो त्यानं पाहिला आणि पुसला नाही. मग गाडीवर उभा राहून, हात उंच करून त्यानं फोनला रेंज शोधली.

“हॅलो,” तो म्हणाला. “बस पाठव. हो, वऱ्हाड. नाई, मी जंगलातच हाये. टीव्ही बंद कर आधी, मंग आयक.”

मी पुढच्या झाडापाशी गेलो आणि दुसरी डाहाळी तोडायला घेतली.